पंतोजीच्या शाळेंतील वाचा आणि लेखन

जुन्या दप्तरांतील मोडी पत्रें वाचणाऱ्यांस एक गोष्ट वारंवार आढळते. लिहिणारा ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध बाळगीत नाहीं, शब्दाशब्दांत अंतर ठेवीत नाहीं. पण त्याचें वाक्य सहसा ढळत नाहीं. मजकूर मोठ्यानें वाचला असतां लिहिणाराच्या बोलण्याचा ठेका कानीं येतो. हें त्यास कोठें शिकावयास मिळालें? पंतोजीच्या शाळेंत हिशेब आणि छडी यांवांचून कांहीं नव्हतें, असा समज अद्याप रूढ आहे. तो आम्हांस अपुरा वाटतो.

धुळाक्षरांपासून पाहूं. पाटीवर बारीक धूळ पसरून बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, आणि काढतांनाच तें मोठ्यानें उच्चारावयाचें, असा क्रम असे. 'ओनामासीधं' हें 'ॐ नमः सिद्धम्' याचेंच बालमुखीं झालेलें रूप. बाराखडींत काना, मात्रा, वेलांटी हीं खुणांचीं नांवें आणि त्यांपासून होणारा ध्वनि हीं दोन्हीं एका दमांत म्हणावीं लागत. हात, डोळा, कान आणि जिव्हा यांस येथें एकाच वेळीं काम पडे. सायंकाळीं परवचा होई, त्यांत दिवसाची उजळणी पुन्हा मुखानेंच. पाणिनीय शिक्षेंत लिहिलेलें पाहून म्हणणारा अधम पाठकांत गणला आहे, तोच हा संस्कार. (त्याच ठिकाणीं गाऊन म्हणणाराही निंदिला आहे, पंतोजींनीं तेवढें मनावर घेतलेलें दिसत नाहीं!)

या पद्धतीचें आम्हांस ठाऊक असलेलें सर्वांत बोलकें वर्णन एका परकीयाचें आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले हा १६२३ सालीं घाट चढून इक्केरीकडे जात असतां एका देवळाच्या ओसरींत चार मुलें अंकगणित घोकतांना त्याच्या दृष्टीस पडलीं. एकानें धड्याचा अंश सुरावर म्हणावा व म्हणतां म्हणतां जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूंत बोटानें लिहावा. बाकीच्यांनीं तोच म्हणावा आणि लिहावा. जागा भरली म्हणजे हातानें पुसून नवी वाळू टाकीत. कागद खर्चूं नये हा त्यांत हेतु. शिक्षक जवळ नव्हता, म्हणून चुकल्यास कोण सुधारतो असें त्यानें विचारलें. चौघेही एकाच ठिकाणीं विसरतील हें शक्य नाहीं, एकाचें चुकलें तर दुसरे सावरतात, असें मुलांनीं उत्तर दिलें. आणि तें खरें आहे अशी पुस्तीही प्रवाशानें जोडली आहे. प्रसंग कर्नाटकांतला व विषय गणिताचा असला, तरी म्हणणें आणि लिहिणें यांची जोड तीच आहे. याच्याही पूर्वीं, अकराव्या शतकांत, अल्बेरूनीनें हिंदु मुलांच्या काळ्या पाट्यांचा उल्लेख केला आहे.

पुढें मौज झाली. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर १७८९ ते १७९६ पर्यंत असलेल्या अँड्र्यू बेल यानें देशी मुलें वाळूंत लिहितांना पाहिलीं, ती रीत आपल्या शाळेंत घेतली, मुलांकडून मुलांस शिकविलें, आणि १७९७ सालीं त्यावर पुस्तक छापिलें. इंग्लंडांत त्या पद्धतीचा बोलबाला झाला. १८२२ सालीं मुंबईस शाळापुस्तकमंडळी निघाली, तेव्हां वर्गनायकांकरवीं शिकविण्याची ती पद्धति विलायती सुधारणा म्हणून इकडे परत आली!

लेखनाची दुसरी पायरी कित्त्याची. पंतोजीनें ओळ घालून द्यावी, मुलानें ती गिरवावी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभींच लेखनक्रियेचा समास आहे. अक्षर वाटोळें, सुटें असावें आणि आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखें राहावें, याविषयीं समर्थांचा कटाक्ष पोथ्या जमविणाऱ्यांस सांगावयास नको. पत्राचा मायना कसा असावा हें मेस्तकांतून व लेखनप्रशस्तींतून शिकत. संस्कृतांत 'लेखपद्धति' हा याच जातीचा ग्रंथ असून तो १९२५ सालीं बडोद्यास छापला गेला.

उणीवही सांगितली पाहिजे. पाठ केलेल्याचा अर्थ क्वचितच समजावून दिला जाई. मुली, तसेंच अस्पृश्य मानलेल्यांचीं मुलें, बहुधा उंबऱ्याबाहेरच. हें कवाड पुढें दुसऱ्यांनीं उघडलें. १८४८ सालीं पुण्यास जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा काढिली. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघालें, छापील बाळबोध पुस्तकें आलीं, आणि भाषेची परीक्षा कानावरून डोळ्यावर गेली. मोडींत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन भेद सामान्यतः नसतच. तेव्हां जुन्या पत्रांतील ऱ्हस्वदीर्घ पाहून लेखकास अशुद्ध ठरविणें हा त्यावर अन्याय होय. पत्रें छापतांना तीं सुधारून देण्याची खोड त्याहून वाईट.

धूळ पुसली गेली. परंतु कित्त्याचीं पानें अजून रुमालांत सांपडतात व रद्दी म्हणून बाजूस काढलीं जातात. तीं ओळखणें सोपें आहे. वरची ओळ सराईत हाताची असते. तिच्याखालीं तीच ओळ पुनःपुन्हा उतरलेली. पहिल्या दोन बऱ्या, मग शिरोरेषा उजवीकडे चढूं लागते, शेवटीं एखादें अक्षर गळतें. ओळींत साल किंवा गांवाचें नांव आलें असेल तर पान निराळें ठेवावें आणि ज्या रुमालांतून तें निघालें त्याची नोंद पाठीवर पेन्सिलीनें करावी.