कॉलेज थांबवून कामाच्या प्रशिक्षणाला जायचंय? आधी हे करा

नवेगाव बांध आणि अर्जुनी मोरगाव परिसरातली मुलं-मुली बारावीनंतर बी.ए., बी.कॉम.ला नाव टाकतात. मग घरची ओढाताण दिसते, कुठे मानधनाचं प्रशिक्षण निघतं आणि कॉलेज न सांगताच सुटतं. आम्ही शिक्षक म्हणून वालिदैनला एवढंच सांगतो : थांबायचं असेल तर कागदावर थांबा.

आधी योजनेची अट बघा

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली. वय 18 ते 35. दरमहा बारावी पासला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. सुरुवातीला मुदत 6 महिने होती. पण शिक्षण चालू असलेला उमेदवार त्यात बसत नाही. त्याच वर्षी आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही पूर्णवेळ शिकणाऱ्यांना मनाई होती. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांना मात्र परवानगी होती. म्हणून कॉलेजात नाव ठेवून ‘शिकत नाही’ असं लिहून देऊ नका. पकडलं गेलं तर प्रशिक्षणही जातं आणि वर्षही.

थांबायचं कधी?

वर्ष पूर्ण करून थांबलेलं बरं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे किमान 40 क्रेडिट आणि वर 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप झाली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. 3 वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो. मात्र पदवी एकूण 7 वर्षांत पूर्ण झाली पाहिजे. सत्राच्या मध्येच सोडलं, परीक्षा दिली नाही, तर त्या सत्राचे क्रेडिट मिळत नाहीत. बी.एड., नर्सिंग, इंजिनिअरिंगचे नियम वेगळे. ते कॉलेजातच विचारा.

कॉलेजात काय करायचं?

1. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. वर्ग, सत्र, थांबण्याचं कारण, तारीख आणि परत येण्याचं सत्र लिहा. सोबत प्रशिक्षणाचं पत्र जोडा.
2. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी ‘हो’वर विसंबू नका.
3. क्रेडिट बँकेच्या खात्यात झालेल्या सत्रांचे क्रेडिट जमा झाले का, ते डिजिलॉकरवर बघा.
4. शिष्यवृत्ती चालू असेल तर खंड पडल्यावर काय होईल, ते लिपिकाला आधी विचारा. न शिकलेल्या काळाची रक्कम उचलू नका.
5. टी.सी. घाईने काढू नका. ती घेतली की नाव कमी होतं. योजनेला नाव कमी झाल्याचा पुरावा लागत असेल, तेव्हाच काढा.

परतीच्या अटी गोंदिया जिल्ह्यातल्या कॉलेजांसाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ ठरवतं. तिथली परिपत्रकं बघत राहा.

न थांबता जमतं का?

जमतं. नव्या पदवी अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी 4 क्रेडिटचं कार्य प्रशिक्षण आहेच. नाहीतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करत पदवी घेता येते.

मुलींच्या बाबतीत विशेष सांगतो : ‘एक वर्ष थांब’ म्हटलेलं बहुतेकदा कायमचं होतं. म्हणून परत प्रवेशाची तारीख अर्जात लिहाच आणि घरातही ठरवून ठेवा. तालीम सुटणार नाही, इन्शाअल्लाह.