इंजिनाचा जीर्णोद्धार

मंडळी, जुन्या गाडीचं इंजिन खोललं की मिस्त्री हात पुसत एकच प्रश्न विचारतो, "साहेब, हेच करायचं की दुसरं टाकायचं?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या पाठीशी पुष्कळ इतिहास उभा आहे, आणि तो न बघता उत्तर दिलं तर पैसेही जातात आणि गाडीही.

हल्ली हा प्रश्न आमच्या घरात आला आहे. मेहुण्यांची १९७३ सालची फियाट आता भाच्याकडे आहे. ती धूर मारते, ऑइल पिते, चढावर दम टाकते. भाचा म्हणतो, "मामा, एखाद्या नव्या गाडीचं भंगारातलं इंजिन बसवू, कटकट मिटेल." बहीण म्हणते, "ह्यांच्या हातची गाडी आहे, एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही." आणि दोघांनी मिळून मला पंच नेमलं, का तर मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला! मग म्हटलं, इतिहासापासूनच सुरुवात करू.

आपल्याकडच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही मापं पार १९३७ सालची, इटलीतल्या फियाट ५०८ सी या गाडीपासूनची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७४ च्या सुमारास तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्येच थांबली होती. आपल्याकडे मात्र तेच इंजिन शतक सरेपर्यंत चालू राहिलं.

का राहिलं? परकीय चलनाची टंचाई, आयातीवर बंधनं, किती गाड्या बनवायच्या तेही सरकारी परवान्यावर. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचं. अशा काळात आलेली गाडी बदलायचा विचारच कुणी करत नसे. ती पुन्हापुन्हा उभी करायची, एवढंच माहीत.

आणि गंमत अशी, की हे इंजिन पुन्हा उभं करण्यासाठीच घडवलेलं होतं. सिलिंडर झिजला की बोअर करून किंचित मोठा करायचा आणि त्यात ओव्हरसाइझ पिस्टन घालायचा. हे मोठे पिस्टन ठरावीक मापांत मिळत. क्रँकशाफ्ट झिजला की घासून बारीक करायचा आणि त्याला जाड बेअरिंग लावायचं. सगळी मापं संपली तर सिलिंडरमध्ये स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचं. म्हणजे रिबोअर हा गल्लीतल्या मिस्त्रीचा जुगाड नव्हे. ही झीज कारखान्याने आधीच हिशेबात धरली होती. या अर्थी बहिणीचं बरोबर.

पण भाच्यालाही इतिहासात आधार आहे. डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सीसीची मारुती ८०० आली आणि बाजार बदलला. प्रीमियरनेच १९८५ मध्ये ११८ एनई काढली. तिचं अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निसानचं, ११७१ सीसीचं. पुढे नव्वदच्या दशकात पद्मिनीच्याच अंगात इटालियन डिझेल इंजिन बसवून १३७ डी विकली. घर तेच, बिऱ्हाड नवं. कारखान्याने स्वतः जे केलं ते आपण पाप का मानावं?

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिसरी वाट धरली. २००० नंतरच्या वर्षांत त्यांच्या पद्मिनी सीएनजीवर आल्या. डिकीत टाकी आली, इंधन बदललं, पण पुष्कळांच्या बॉनेटखाली तेच जुनं १०८९ सीसी धडधडत राहिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिला थांबवलं ते नियमाने, इंजिनाने नव्हे.

आता बहिणीच्या "काहीच बदलायचं नाही" या हट्टाबद्दल. १९७३ साली पेट्रोलमध्ये शिसं असे. त्याचा थर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर बसे आणि तिला झिजण्यापासून वाचवी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हवेच्या आणि मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते फार चांगलं झालं, पण जुन्या मऊ सीटांचं छत्र गेलं. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटर-पंपातले पडदे खराब करतं. तेव्हा १९७३ चे सुटे भाग जसेच्या तसे मिळाले तरी ते घालणं शहाणपणाचं नाही. पेट्रोल गळून गरम इंजिनावर पडलं तर आठवणींसकट गाडी जळेल. इथे कडक धातूच्या सीट आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालायलाच हव्यात. त्या बाहेरून दिसतही नाहीत.

कायद्याचंही बघावं लागतं. इंजिनच दुसरं बसवायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच काढायची. पण दुसरं इंजिन बसवलं तर ती वाटच बंद. आमच्या फियाटला पन्नास वर्षं होऊन गेली आहेत, म्हणून हा प्रश्न आजच सोडवायचा आहे.

शेवटी पंचाचा निकाल मी असा दिला. जे झिजतं ते त्याच जातीचं नवं करायचं: पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह. जे इंधनामुळे निकामी झालं ते आजच्या धातूचं, आजच्या रबराचं घालायचं. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनमोच्या जागी अल्टरनेटर ही भाच्याची हौस पुरवायला हरकत नाही. मात्र काढलेले भाग डब्यात जपून ठेवायचे, म्हणजे उद्या परत बसवता येतील. ज्या ब्लॉकवर नंबर कोरलेला आहे त्याला हात लावायचा नाही. तोच तडकलेला निघाला तर भंगारातल्या एखाद्या पद्मिनीचा ब्लॉक शोधायचा आणि रीतसर नोंद करायची. घराणं तरी तेच राहील.

या निकालाची किंमत आहे, तीही दोघांना सांगितली. गाडी घाटात पूर्वीइतकीच सावकाश चढणार. सुटे भाग हुडकायला महिने लागणार. आणि बोअर-क्रँकचं काम नीट जाणणारा लेथवाला मिळणं वर्षागणिक कठीण होत जाणार.

देवळाच्या कामाला आपण जीर्णोद्धार म्हणतो. कुजलेली तुळई काढावी, गळकं छप्पर शाकारावं. पण उद्धार जीर्णाचाच करायचा असतो. तेच उचलून बाहेर टाकलं तर उरतं ते नवं बांधकाम. ते वाईट नसतं, फक्त त्याला जीर्णोद्धार म्हणू नये.

असो. तुमच्यापैकी कुणी फियाटचं इंजिन अलीकडे करून घेतलं असेल, आणि चांगला लेथवाला माहीत असेल, तर जरूर कळवा. भाचा वाट बघतोय.