हजार डॉलरची गोधडी

जुलैचा हिशोब आधी देऊन टाकतो. चौकोन झाले ६. एप्रिलमधे ११ झाले होते, मेमधे ९, आणि जूनमधे ऑफिसात रिलीज होतं म्हणून फक्त २. म्हणजे ४८ पैकी २८. नोव्हेंबरात बहीण बाळंत होणार, तोवर आजीच्या लुगड्यांची गोधडी तयार हवी. गोधडी शिवणारा सॉफ्टवेअरवाला म्हणून टीममधे माझी पुरेशी चेष्टा करून झाली आहे, त्यामुळे तो विषय इथे नको :)

खरं तर चौकोन जोडणं हा सोपा भाग. वर जोडलेले चौकोन, मधे आजीची दोन जुनी लुगडी, खाली अस्तर, आणि या सगळ्यातून आरपार धावदोरा, हे खरं काम. अर्धी वीत शिवून झाली की माझी बोटं संपावर जातात. आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी गोधड्या शिवून देतात. त्या म्हणाल्या, "चौकोन जोडून आणा, टाके मी घालते." मनात आलं, द्यावी त्यांच्याकडे आणि बहिणीला सांगावं, मामाने शिवली. कोणाला कळणार आहे?

नेमकी तेव्हाच १९३३ सालच्या एका क्विल्टची गोष्ट वाचली. क्विल्ट म्हणजे अमेरिकेतली गोधडीच, फक्त मधे जुन्या लुगड्याऐवजी बहुतेक वेळा कापूस.

त्या वर्षी शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. शहराला शंभर वर्षं झाली म्हणून नाव दिलं 'सेंचुरी ऑफ प्रोग्रेस'. प्रगतीचं नाव आणि बाहेर महामंदी. अमेरिकेतल्या दर चार कामगारांमागे एक बेकार होता. सिअर्स रोबक या कंपनीने जानेवारीत क्विल्टची देशव्यापी स्पर्धा जाहीर केली. ही कंपनी कॅटलॉगमधून वाट्टेल ते विकायची, एके काळी तर अख्ख्या घराचे सुटे भागसुद्धा. कापड, दोरा, कापूस हेही त्यांच्याकडेच मिळायचं, त्यामुळे स्पर्धेमागे निव्वळ कलाप्रेम होतं असं समजायचं कारण नाही. एकूण बक्षिसं साडेसात हजार डॉलरची, पहिलं बक्षीस एक हजाराचं. तेव्हा नवी फोर्ड गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती, यावरून अंदाज करा.

डेडलाइन होती १५ मे. म्हणजे हातात जेमतेम साडेचार महिने. त्यात देशभरातून चोवीस हजारांहून जास्त क्विल्ट आल्या! शिवाय या काही बाळाच्या दुपट्याएवढ्या नव्हेत, पलंगभर. दिवसभर घरचं काम उरकून, रात्री दिव्याखाली बसून शिवलेल्या. मी साधारण तेवढ्याच काळात २८ चौकोन केलेत, हे वर लिहून गेलोच आहे. असो.

स्पर्धेत आणखी एक आमिष होतं. पहिली आलेली क्विल्ट प्रदर्शनाच्या विषयावर असेल, तर दोनशे डॉलर जास्तीचे. मग काय, बायकांनी कापडाचे तुकडे जोडून विमानं उभी केली, उंच इमारती उभ्या केल्या. परीक्षकांनी मात्र शेवटी निवडल्या त्या जुन्या वळणाच्याच क्विल्ट. प्रगतीवर क्विल्ट करा म्हणायचं आणि बक्षीस आजीच्या नक्षीला द्यायचं, यावर त्या बायका चिडल्या असतील तर मला नवल नाही. आपल्याकडेही क्लायंट अगदी असंच करतो.

पहिली आली केंटकीतल्या लेक्सिंग्टन गावची मार्गारेट रॉजर्स केडन. हिरव्या छटांचे आठ टोकांचे तारे, आणि मधेमधे मागून कापूस ठासून उठाव दिलेली नक्षी. पेपरात नाव झळकलं आणि क्विल्ट थेट अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेली.

भानगड अशी, की केडनबाईंनी त्यात एक टाकाही घातलेला नव्हता. भरतकाम-शिवणकामाच्या वस्तूंचं त्यांचं दुकान होतं आणि त्या गावातल्या आणि आसपासच्या बायकांकडून मजुरीवर कामं करून घेत. एकीने नक्षी ठरवली, दुसरीने तुकडे जोडले, धावदोरा आणखी कोणी घातला. स्पर्धेची अट होती, की क्विल्ट स्पर्धकाने स्वतः केलेली असावी. त्या कागदावर केडनबाईंनी सही केली. हजार डॉलर त्यांना मिळाले आणि शिवणाऱ्यांना फक्त ठरलेली मजुरी.

त्या बायकांना हे माहीत होतं. पण मंदीचे दिवस, आणि काम देणारीच ती. तक्रार केली तर पुढचं काम गेलं. त्या गप्प बसल्या. घरातल्या माणसांना तेवढं सांगून ठेवलं असावं, कारण मेरीके वाल्डव्होगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या दोघी अभ्यासक या स्पर्धेचा माग काढत गेल्या, तेव्हा ते बाहेर आलं. त्यांचं पुस्तक १९९३ साली निघालं. तोवर साठ वर्षं झाली होती! आणि क्विल्ट? तिचा आज ठावठिकाणा नाही.

मला केडनबाईंचा राग आला, पण काम वाटून दिलं म्हणून नाही. गोधडी कधी एकट्याची नसतेच. तिकडेही शेजारणी एका चौकटीभोवती बसून क्विल्ट शिवत, आणि आमच्या आजीच्या गोधडीला तर दुपारी ओट्यावर येईल ती बाई चार टाके घालून जायची. आउटसोर्सिंगवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने त्या बाबतीत बोलूही नये. राग त्या सहीचा आहे. रात्र रात्र जागून एकाने लिहिलेल्या कोडचा डेमो दुसऱ्यानेच "मी केलं" म्हणून दिलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

काल मावशींकडे जाऊन आलो. टाके त्याच घालणार, ठरलं. विचारलं, कोपऱ्यात दोऱ्याने तुमचं नावही घालाल का? आधी हसल्या. मग म्हणाल्या, "नावाचे पैसे वेगळे पडतील."

ऑगस्टचा बेत: उरलेले २० चौकोन, अस्तरासाठी सुती कापड, आणि धावदोऱ्याची पहिली ओळ मावशींच्या समोर बसून मी स्वतः घालणार. वाकडी आली तर उसवायची नाही, हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.