रुग्णाची साक्ष

वेडा काय म्हणतो ते ऐकण्याचे कारण नाही, असे जणू गृहीत धरूनच १९१२ चा वेडेपणाचा कायदा झाला. नातेवाइकाने अर्ज करावा, दोन वैद्यकीय दाखले जोडावेत, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यावा आणि माणूस आत जावा. रुग्णालयावर देखरेखीस किमान तीन अभ्यागत नेमावयाचे व त्यांत एक तरी डॉक्टर असावयाचा. आत राहून बाहेर आलेल्यालाही काही ठाऊक असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. वास्तविक अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स या रुग्णाने १९०८ साली आपली कहाणी छापून तेथील इस्पितळांना जाब विचारला होता!

आपल्या प्रांती ही जाणीव प्रत्यक्षात आली ती, थट्टेत ज्याचे नाव घेतो त्या येरवड्यासच. तेथील मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसन हाही मनाचाच आजार. येथे व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. “मनात आणीन तेव्हा सोडीन,” असे नवा रुग्ण म्हणू लागला की डॉक्टर समजूत घालतील. पण तेच वाक्य स्वतः वर्षानुवर्षे बोललेला माणूस नुसता हसतो, आणि समोरच्याची सबब गळून पडते. घरच्यांनाही सुटका होते याचा जिताजागता पुरावा दिसतो. माग कोठे अडतो हे विणकरास विचारावे लागते, हे सोलापूरकरांस आम्ही काय सांगावे?

डॉक्टर नकोत असा याचा अर्थ नव्हे. औषध त्यांनीच द्यावयाचे. शिवाय नुकत्या सावरलेल्याला कामास जुंपणे म्हणजे त्यालाच पुन्हा पाडणे होय.

कायदा बदलावयास १९१२ पासून १०५ वर्षे लागली. मधला १९८७ चा कायदाही या बाबतीत फारसा पुढे गेला नाही. २०१७ च्या कायद्याने, आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क रुग्णास दिला. तक्रारी ऐकणाऱ्या सहा जणांच्या पुनर्विलोकन मंडळात दोन जागाही ठेवल्या. मात्र त्या रुग्णांस, त्यांची काळजी घेणाऱ्यांस किंवा संस्थांच्या प्रतिनिधींस, कोणासही देता येतात. म्हणजे मंडळ पूर्ण भरावे आणि रुग्ण एकही नसावा, हे आजही कायदेशीर आहे.