आजीला माहीत होतं, पण कागद कुठाय?

खेळताना मुका मार बसला, घोटा मुरगळला की घरात काय व्हायचं आठवतंय? सहाणेवर आंबेहळद उगाळायची, जोडीला कुणाकडे रक्तचंदन, कुणाकडे तुरटी. पळीत जरा कोमट करायचं आणि सुजेवर जाडसर लेप. खरचटून रक्त आलं असेल तर लेप नाही, तिथे साधी हळद दाबायची. कुठे काय लावायचं हे घराघरात ठाऊक. लिहून मात्र कुणीच ठेवलेलं नाही.

आजची गोष्ट या लिहून न ठेवण्याची आहे.

मार्च १९९५. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला एक पेटंट मिळालं. क्रमांक ५४,०१,५०४. विषय काय, तर जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. पोटात घेऊनही आणि वरून लावूनही! संशोधक दोघं, दोघेही भारतीय वंशाचे. आता पेटंट मिळायला गोष्ट नवी लागते. मग हळद नवी कशी ठरली?

खरी मेख इथे आहे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना आधीपासून माहीत असेल, तर ती जुनी. पण अमेरिकेबाहेर नुसती वापरात असून भागायचं नाही. तिचं पेटंट झालेलं हवं किंवा ती छापून आलेली हवी. म्हणजे कोट्यवधी भारतीयांच्या गुडघ्यांवरची हळद हा पुरावा नाही, आणि एखादं छापील पान मात्र पुरावा. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. सिस्टिम वर्षानुवर्षं मस्त चालते, पण डॉक्युमेंटेशन शून्य. बाहेरून आलेल्या माणसाच्या लेखी ती नसतेच.

तेव्हा सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. संस्थेने १९९६ मध्ये पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. भावनिक भाषण नाही, थेट कागद. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांसह ३२ संदर्भ गोळा केले. त्यात भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या हं. या निकालाने हळद गुणकारी ठरली नाही. ती 'नवी नाही' एवढंच ठरलं. गुण किती, हे प्रयोगांनी ठरतं, आणि तो वेगळा विषय आहे. त्यामुळे पाय टेकवत नसेल किंवा सूज हटत नसेल, तर लेपावर लेप चढवत बसू नका, एक्स-रे काढा.

या लढ्यातून धडा घेऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी, म्हणजे टीकेडीएल, सुरू झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली, म्हणजे परदेशातल्या पेटंट तपासनिसाला ती वाचता यावी. पुढे २०१३ पासून अमेरिकेचा नियमही बदलला. जगात कुठेही उघडपणे वापरात असलेली गोष्ट आता जुनी धरली जाते. पण तपासणाऱ्याला ती सापडायला तर हवी ना?

आणि टीकेडीएलमध्ये येतं ते ग्रंथांतलं. तुमच्या घरी आंबेहळदीत काय मिसळायचे, किती उगाळायचे, लेप कधी धुवायचा, हे बहुतेक एकाच डोक्यात आहे. त्या डोक्याचं वय आज सत्तर-ऐंशी असेल, आणि त्याचा बॅकअप नाही.

तेव्हा या रविवारी फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि आजीला विचारा. प्रमाण, वनस्पतीचं गावातलं नाव, कुठून आणायची, सगळं. तारीख आणि गावाचं नाव टाकायला विसरू नका.

भेटूया पुढच्या भागात!