शनिवारची दुपार कोणी मिळवली?

या आठवड्याच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बहुतेक तसंच आहे.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. शर्टाला इस्त्री आहे की नाही, एवढंच मला कपड्यांतलं कळतं. पण माझी मावसबहीण एका कपड्यांच्या कंपनीत पॅटर्न बनवते. म्हणजे डिझायनरच्या चित्रावरून कापड कसं कापायचं, त्याचे कागदी साचे. दिवाळीत एका काकांनी तिला विचारलं, "मग झालीस का डिझायनर?" ती म्हणाली, "नाही काका, मी पॅटर्न करते." काका म्हणाले, "होशील, होशील!" जणू बाकीची सगळी कामं म्हणजे वेटिंग लिस्ट. तिचा पडलेला चेहरा बघून मी वाचायला घेतलं.

तर मंडळी, 'डिझायनर' हे पद काही फार जुनं नाही. पूर्वी युरोपातली श्रीमंत बाई स्वतः कापड आणायची, काय हवं ते सांगायची आणि शिवणारी शिवून द्यायची. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाचा. पॅरिसमधल्या एका कापडाच्या दुकानात तो विक्रेता होता. १८५८ मध्ये त्याने एका भागीदारासोबत स्वतःचं दुकान काढलं. आता नमुने तो आधीच तयार ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने त्यातून निवडायचं. त्याची बायको मारी ते कपडे घालून दाखवायची, म्हणजे मॉडेलचं काम. आणि कपड्याच्या आत वर्थच्या नावाची पट्टी शिवलेली असायची.

पट्टीवर नाव एकाचं, पण आत माणसं किती! पॅरिसच्या अशा फॅशनघरांत कामाची एक उतरंडच असायची. कारखान्याची प्रमुख 'प्रमिएर'. तिच्या हाताखाली सुईकाम करणाऱ्या मुली, त्यांना म्हणत 'पतीत मँ', म्हणजे 'छोटे हात'. आणि सगळ्यांत खाली टाचण्या वेचणारी, निरोप पोचवणारी शिकाऊ पोर. दुपारी घाईघाईने थोडंसं खाऊन परत कामाला पळणाऱ्या या मुलींना शहरात 'मिदिनेत' हे नाव पडलं होतं. 'मिदी' म्हणजे दुपारचे बारा.

आता १९१७ सालात या. पहिलं महायुद्ध चालू, महागाई भडकलेली, घरातले पुरुष आघाडीवर. मे महिन्यात 'जेनी' नावाच्या फॅशनघरात मुलींना सांगण्यात आलं की शनिवारी दुपारी काम बंद, आणि त्या अर्ध्या दिवसाचा पगारही बंद. मुली उठल्या आणि सरळ रस्त्यावर आल्या. मागण्या दोन: महागाई भत्ता, आणि 'इंग्लिश आठवडा', म्हणजे शनिवारी अर्धा दिवस सुट्टी, पण पगार न कापता. काही दिवसांत इतर फॅशनघरं, टोप्या बनवणाऱ्या, कॉर्सेट शिवणाऱ्या अशा हजारो जणी सामील झाल्या. मालकांना नमावं लागलं. ११ जून १९१७ ला कायदाच झाला: कपडे उद्योगातल्या स्त्री-कामगारांना शनिवारी दुपारी सुट्टी.

आपल्याकडे कापडाशीच जोडलेली अशी एक गोष्ट आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. पॅरिसच्या २७ वर्षं आधी! दोन्हीकडे लढले ते कापड विणणारे आणि शिवणारे, ज्यांचं नाव कुठल्याच पट्टीवर नव्हतं.

आमच्या कामातही असंच. ॲप एका कंपनीच्या नावाने चालतं, कोड कोणी लिहिला ते कोण विचारतं? पण मला शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी आहे. माझ्या बहिणीला ऑर्डर निघायची असली की शनिवारी रात्री आठपर्यंत थांबावं लागतं, जादा पैसे नाहीत.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दादा, त्या जेनीमधल्या किती जणी एकदम उठल्या रे?" मी म्हटलं, "का गं?" म्हणाली, "काही नाही. आम्ही अकरा जणी आहोत."

पुढच्या भागात भेटू. आणि हो, आज अंगावर जे घातलंय त्याची शिवण एकदा उलटून बघा.