मोरस साखरेपासून ‘मॉरिशस मार्गा’पर्यंत

जुन्या मराठी घरांत पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. गुजरातीत तर ‘मोरस’ हा शब्द साखर याच अर्थाने रूढ झाला. ज्या बेटावरून ही साखर येई, त्या मॉरिशसचे नाव असे लोकांच्या जिभेवर झिजत झिजत स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत येऊन पोहोचले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेच नाव अगदी वेगळ्या ठिकाणी ऐकू येऊ लागले. शेअर बाजाराच्या बातम्यांत, अर्थसंकल्पावरील चर्चांत आणि न्यायालयीन निकालांत ‘मॉरिशस मार्ग’ हा शब्दप्रयोग प्रचलित झाला. परदेशी भांडवल ज्या वाटेने भारतात येई, त्या वाटेचे ते नाव होते.

या दोन शब्दांच्या मध्ये जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे. देशादेशांतील संबंधांचा विचार करताना डोळ्यांसमोर येतात ते राष्ट्रप्रमुखांचे दौरे आणि संयुक्त निवेदने. भारत आणि मॉरिशस यांच्या बाबतीत मात्र क्रम निराळा होता. आधी माणसे गेली, त्यांच्यामागे माल गेला आणि आला, मग राजकारण आले आणि सर्वांत शेवटी भांडवल. या प्रत्येक टप्प्यावर एक लिखित करार होता. त्या कराराच्या अटी कोणी लिहिल्या आणि दुसऱ्या पक्षाला त्या वाचता येत होत्या की नाही, यावरच त्या त्या काळातील नात्याचे स्वरूप ठरले.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे बेट. डच आणि फ्रेंच यांच्यानंतर १८१० मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले. उसाचे मळे फ्रेंच वंशाच्या जमीनदारांचे होते आणि त्यांवर राबणारे हात आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांचे होते. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १८३५ पासून तो मॉरिशसमध्ये लागू झाला. मळ्यांसाठी आता मजूर कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर हिंदुस्थानात शोधले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. गुलामांच्या जागी कराराने बांधलेले मजूर वापरण्याच्या या योजनेला राज्यकर्त्यांनी ‘महान प्रयोग’ असे नाव दिले होते.

करार साधारणतः पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ अशी शिधासामग्री आणि थोडे कापड. कागदावर हे व्यवहार्य दिसे. मळ्यावर मात्र एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्यामुळे आजारी पडलेल्या माणसाचे महिन्याचे गणित पार कोलमडून जाई. पुढे परतीच्या मोफत प्रवासाची तरतूदही काढून घेण्यात आली. करार संपवून स्वतंत्र झालेल्या जुन्या मजुरांनाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे केले. तो नसल्यास भटका समजून अटक होई. आदोल्फ द प्लेविट्झ या युरोपीय गृहस्थाने १८७१ मध्ये या अन्यायाविरुद्ध ९,४०१ मजुरांच्या नावांनिशी अर्ज सादर केला, तेव्हा कोठे चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. आयोगाच्या अहवालानंतर १८७८ मध्ये मजूरविषयक कायदा सुधारण्यात आला.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे या बेटावर उतरली. त्यांतील अंदाजे एक तृतीयांश मायदेशी परतली. उरलेली तेथेच रुजली. बहुसंख्य लोक बिहार आणि संयुक्त प्रांतातून कलकत्त्यामार्गे, तर तमिळ आणि तेलुगू मुलखातील लोक मद्रासमार्गे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या तुलनेने अल्प होती. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील आणि आसपासच्या भागातील मराठी कुटुंबे होती. बंदरावरील नोंदवहीत कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे नाव इंग्रजी अक्षरांत उतरवले. पुढे अनेक घराण्यांत त्या पहिल्या पुरुषाचे पाळण्यातले नावच वंशजांचे आडनाव होऊन बसले.

माणसांच्या मागोमाग व्यापार आला. मळ्यांवरच्या हिंदी मजुरांना भात लागे, म्हणून बंगालचा तांदूळ जहाजे भरभरून मॉरिशसला जाऊ लागला. हा व्यापार सांभाळण्यासाठी सुरत आणि कच्छकडील व्यापारी पोर्ट लुईमध्ये पेढ्या घालून बसले. परतीच्या जहाजांतून साखर येऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान ही मॉरिशसच्या साखरेची एक प्रमुख बाजारपेठ बनली. कोकणातून गेलेल्या माणसाने तोडलेल्या उसाची साखर मुंबईच्या बंदरात उतरून कोकणातल्याच एखाद्या घरी सणासुदीला पोहोचत असे. खरेदी करणाऱ्याला तिचे नाव ठाऊक होते. तिच्यामागचे हात ठाऊक नव्हते.

या व्यापाराची सूत्रे दोन्ही टोकांकडील जनतेच्या हाती नव्हती. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने जर्मनी आणि ऑस्ट्रियाहून येणाऱ्या, तेथील सरकारांच्या अनुदानामुळे स्वस्त पडणाऱ्या बीट साखरेवर प्रतिरोधी कर बसवला. त्यामागे मॉरिशसच्या मळेवाल्यांचे हितही होते. दोन वसाहतींमधला हा व्यवहार लंडन आणि कलकत्ता येथील सरकारी दप्तरांत ठरत होता. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्काराची हाक उठली, त्यात मोरस साखरही आली. पुढे जावाच्या साखरेने तिला मागे टाकले आणि १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर देशी कारखानदारी उभी राहिल्यावर बाहेरच्या साखरेची गरजच सरली.

राजकीय संबंधांचा आरंभ दोन्ही देश परतंत्र असतानाच झाला. १९०१ च्या ऑक्टोबरअखेरीस दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी येणारे बॅरिस्टर मोहनदास गांधी यांचे ‘नौशेरा’ जहाज पोर्ट लुईला थांबले आणि ते सुमारे तीन आठवडे बेटावर राहिले. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक जीवनात भाग घ्या, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. त्यांच्याच प्रेरणेने १९०७ मध्ये बडोद्यात जन्मलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मॉरिशसला गेले. त्यांनी मजुरांचे खटले चालवले आणि १९०९ मध्ये ‘हिंदुस्थानी’ हे वृत्तपत्र सुरू केले. स्वतःचा करार वाचू न शकलेल्या माणसांच्या बाजूने उभे राहून तो न्यायालयात वाचणारा माणूस त्यांना प्रथमच मिळाला. त्याच वर्षी आलेल्या शाही आयोगापुढेही मजुरांची बाजू मांडली गेली. १९१० मध्ये मॉरिशससाठी होणारी मजूरभरती थांबली.

अन्य वसाहतींसाठी मात्र ती चालूच होती. १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. परंतु पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, सरकारला ही भरती थांबवावी लागली. गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावचा. ज्या जिल्ह्यातून माणसे करारावर गेली, त्याच जिल्ह्याच्या सुपुत्राने त्या पद्धतीवर कायदेमंडळात घाव घातला, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

स्वतंत्र भारताने १९४८ मध्येच, म्हणजे मॉरिशस अद्याप ब्रिटिश वसाहत असताना, तेथे आपला प्रतिनिधी नेमला. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. दांडीयात्रेच्या प्रारंभाचा हा दिवस गांधीजींच्या स्मरणार्थ जाणीवपूर्वक निवडला होता. बिहारमधून आलेल्या एका मजुराचे पुत्र शिवसागर रामगुलाम हे पहिले पंतप्रधान झाले. जेथे बापाचे नाव नोंदवहीत चढले, त्याच देशाच्या वतीने मुलगा आता आंतरराष्ट्रीय करारांवर सही करू लागला.

स्वतंत्र मॉरिशसपुढचा प्रश्न बिकट होता. जवळपास सारी निर्यात साखरेची, जमीन मर्यादित आणि तरुण बेकार. युरोपीय बाजारात ठरावीक भावाने साखर विकण्याची सवलत काही काळ हाती होती. पण ती कायमची नव्हती. म्हणून कापड उद्योग, पर्यटन आणि वित्तीय सेवा यांचा आधार शोधण्यात आला. याच काळात, १९८२ मध्ये, भारत आणि मॉरिशस यांनी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार केला. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर पडू नये, हा त्याचा हेतू. त्यातील एका कलमानुसार, मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा कमावल्यास त्यावर कर लावण्याचा अधिकार केवळ मॉरिशसला होता. आणि मॉरिशसमध्ये अशा नफ्यावर कर नव्हताच.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर या कलमाचे सामर्थ्य ध्यानात आले. अमेरिकेतला किंवा युरोपातला गुंतवणूकदार पोर्ट लुईमध्ये कंपनी नोंदवी आणि तिच्यामार्फत भारतात पैसा लावी. २००० नंतरची सुमारे पंधरा वर्षे भारतात आलेल्या थेट परकीय भांडवली गुंतवणुकीपैकी जवळजवळ एक तृतीयांश या चिमुकल्या बेटावरून आली, असे सरकारी आकडे सांगतात. त्या भांडवलाने भारतातील अनेक उद्योगांना बळ दिले, हे खरे. भारतातूनच बाहेर गेलेला पैसा वेषांतर करून याच वाटेने परत येतो, ही टीकाही तेवढीच गंभीर होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००३ च्या निकालात न्यायालयाने कराराचा लाभ वैध ठरवला; करारातील अटी बदलायच्या असतील, तर ते काम सरकारांचे, असाच त्याचा अर्थ होता.

ते काम १० मे २०१६ रोजी झाले. सुधारित करारानुसार १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरील नफ्यावर भारताला कर आकारता येऊ लागला. पहिली दोन वर्षे हा कर निम्म्या दराने ठेवला आणि त्या तारखेपूर्वीच्या गुंतवणुकीला जुनीच सवलत राहू दिली. वाटाघाटी अनेक वर्षे चालल्या होत्या. भारताला महसूल हवा होता. मॉरिशसच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा दशांशाहून अधिक भाग वित्तीय सेवांवर अवलंबून होता आणि सुशिक्षित तरुणांच्या नोकऱ्या त्यात गुंतल्या होत्या. कोणाचेच म्हणणे पूर्ण मान्य झाले नाही आणि नातेही तुटले नाही. १ एप्रिल २०२१ पासून दोन्ही देशांत व्यापक आर्थिक सहकार्याचा नवा करार लागू झाला. आफ्रिकी देशाशी भारताने केलेला अशा प्रकारचा हा पहिलाच करार. त्याद्वारे भारतात सवलतीने येऊ शकणाऱ्या मॉरिशसच्या ६१५ वस्तूंमध्ये विशेष प्रकारची साखरही आहे. मोरस साखर अशी पुन्हा आली; या वेळी तिच्या अटी दोन सार्वभौम देशांनी समोरासमोर बसून ठरवल्या.

समसमानतेची कसोटी मात्र येथे संपत नाही. १९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसपासून चागोस बेटे वेगळी केली, तेथील रहिवाशांना हलवले आणि दिएगो गार्सिया येथे अमेरिकी लष्करी तळ उभा राहिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही फाळणी बेकायदा असल्याचे मत दिले; त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी संमत झालेल्या ठरावाला भारताचा पाठिंबा होता. दुसरीकडे, मॉरिशसच्याच अगालेगा या दूरच्या बेटावर भारताच्या साहाय्याने धावपट्टी आणि धक्का बांधण्यात आला व २०२४ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारांनी सांगितले आहे. तरीही तेथल्या मोजक्या शेकडो रहिवाशांच्या मनात चागोसची आठवण जागी झाली. त्यांची शंका ऐकून घेणे हे मोठ्या शेजाऱ्याचे कर्तव्य आहे. कारण दुसऱ्याने लिहिलेल्या अटींखाली जगणे म्हणजे काय, हे भारताला स्वानुभवाने माहीत आहे.

पोर्ट लुईच्या ज्या घाटावर मजूर उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जुन्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. पणजोबांचे गाव शोधत वंशज तेथे येतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि तेथील शाळांत अन्य भारतीय भाषांबरोबर मराठीही शिकवली जाते. ज्यांच्या पूर्वजांना करारावर केवळ अंगठा उठवता आला, त्यांची मुले आज त्या वर्गांत देवनागरी अक्षरे गिरवतात. पुढे त्यांतीलच कोणी त्या नोंदवहीतले इंग्रजी कारकुनाने मोडलेले नाव वाचेल आणि ते मूळ मराठीत कसे असावे, हे ओळखून शेजारी नीट लिहून ठेवील.